शब्दाच्या मुळाशी गेलं की इंग्रजी शब्द लक्षात राहतात का?

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. ती लिहिते, 'सर, रोज इंग्रजी शब्दांची यादी अर्थासकट पाठ करते, पण आठवडा उलटला की निम्मे शब्द पुसून जातात. शब्द कुठून आला हे कळलं की तो पक्का बसतो असं म्हणतात, ते खरं का? आणि न्यूज म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, चेस म्हणजे रथ-घोडा-हत्ती-शिपाई, असं ग्रुपवर रोज येतं, त्यावर विसंबावं का?'

पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं ठाम नाही. मी कोल्हापुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. शब्दाचं मूळ सांगितल्याचा फायदा मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना जरा जास्तच होतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. कारण इंग्रजी शब्दाच्या पोटात जे चित्र दडलेलं असतं, ते कितीतरी वेळा आपल्या मराठीत आधीपासून वापरात असतं. तुम्ही पाठ करता तो अर्थ असतो. लक्षात राहतं ते चित्र.

'इम्पीड' हा शब्द घ्या. यादीत त्याच्यापुढं 'अडथळा आणणे' असं लिहिलेलं असतं, आणि तोच अर्थ हिंडर, ऑब्स्ट्रक्ट, हँपर यांच्यापुढंही असतो, मग सगळ्यांची खिचडी होते. आता मूळ बघा. लॅटिनमध्ये 'पेद' म्हणजे पाय, आणि 'इम्पेदिरे' म्हणजे पाय अडकवून ठेवणे. आपण मराठीत काय म्हणतो? 'चांगल्या कामात खोडा घालू नको.' खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं जाड लाकूड. रोममधल्या माणसाला जे सुचलं तेच इथल्या माणसाला सुचलं. वहीत 'इम्पीड : खोडा घालणे' एवढंच लिहा, परत विसरणार नाही. मग अडकलेले पाय मोकळे केले की काय होतं? 'एक्स्पिडाइट', म्हणजे काम झटपट मार्गी लावणे. सरकारी पत्रात 'काइंडली एक्स्पिडाइट द मॅटर' असं वाचलं की, फायलीच्या पायातला खोडा काढा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

त्याच पायावरून सायकलचं पेडल आणि रस्त्यावरचा पेडेस्ट्रियन आले. 'पायोनियर' हा शब्द परीक्षेत हमखास येतो. जुन्या फ्रेंचमध्ये तो पायदळातला शिपाई. फौजेच्या पुढं जाऊन झाडझाडोरा तोडायचा, वाट तयार करायची, हे पायोनियरांचं काम. म्हणून आज एखाद्या क्षेत्रात पहिली वाट पाडणारा तो पायोनियर. ऑफिसातला प्यून आपल्याकडं पोर्तुगीजांमार्फत आला, तोही मूळचा पायी चालणारा. बुद्धिबळातला 'पॉन' तोच. आपण त्याला 'प्यादं' म्हणतो. तो शब्द फारसीतून आला आणि तिथंही तो पायावरूनच आहे.

इथं एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी कोणीतरी पडतं. पीडियाट्रिशियनमधला 'पीड' पायाचा नव्हे. तो ग्रीक शब्द मुलासाठीचा. 'पेडगॉग' म्हणजे मूळचा, मुलाला शाळेत पोचवणारा नोकर, आणि त्यावरून पुढं शिक्षक. अमेरिकन स्पेलिंगमुळं दोन्ही सारखे दिसायला लागले. तेव्हा नुसतं तोंड बघून शब्दाचं कूळ ठरवू नका.

कुळाचा विषय निघालाच आहे तर एक मोठा गैरसमज दूर करतो. लॅटिन 'पेद', इंग्रजी 'फूट' आणि संस्कृत 'पाद' हे एकमेकांपासून निघालेले नाहीत, तिघंही एकाच, आता कोणी बोलत नाही अशा जुन्या भाषेतून आलेत. सर विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नसून त्यांचा उगम एकच असला पाहिजे, असं मांडलं. तेव्हापासून हा अभ्यास शास्त्र म्हणून उभा राहिला. म्हणून 'मदर हा शब्द मातृवरून आला' हे विधान चुकीचं आहे. मदर आणि मातृ ही चुलत भावंडं आहेत. साखरेचा शब्द मात्र इंग्रजांनी इथून उसना नेला. नात्यातला शब्द आणि उसना शब्द, हा फरक ज्याला कळला त्याची निम्मी गाडी रुळावर आली.

नात्यातलाच दुसरा शब्द, बैलाच्या मानेवरचं 'जू'. संस्कृतात 'युग', लॅटिनमध्ये 'युगुम', इंग्रजीत 'योक'. जोडणे या अर्थाचा आपला 'योग' आणि त्यांचे जॉइन, जंक्शन हेही याच घरातले. आता 'सब्जुगेट' पाहा : 'सब' म्हणजे खाली, 'जुग' म्हणजे जू. रोमन लोक हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या केलेल्या जुवाखालून वाकून जायला लावत. ज्यांच्या घरी बैलजोडी होती अशा करवीर, कागल, राधानगरीच्या मुलांना हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

आणि हा माझा सगळ्यात आवडता. 'मसल' म्हणजे लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, त्यांना तिथं उंदीर दिसला. तो 'मुस', इंग्रजी 'माउस' आणि आपला 'मूषक' एकाच घरातले. आता गंगावेशीतल्या नाहीतर मोतीबाग तालमीतल्या कुठल्याही पोराला दंड आवळून दाखवायला सांगा. तो काय काढून दाखवतो? बेडकुळी! मराठी माणसाला त्याच जागी बेडूक दिसला. खासबागेत मैदान बघत बसलेल्या एकेकाला हे सांगितलं की त्याला मसलचं स्पेलिंग, त्यातला न उच्चारला जाणारा 'सी' धरून, कायमचं लक्षात राहतं. 'मुस्कुलुस'मधला 'क'च तो.

आता उसन्या शब्दांकडं येतो, आणि कोल्हापुरात बसून लिहायचं तर सुरुवात गुळापासूनच करायला हवी. मार्केट यार्डात गुळाचे रवे रचलेले असतात, सौदे चालू असतात, आणि तिथला इंग्रजी फलक 'जॅगरी' म्हणतो. जॅगरी इंग्रजांना पोर्तुगीजांनी दिला, पोर्तुगीजांनी तो मलबार किनाऱ्यावर मल्याळम 'चक्करा'वरून उचलला, आणि त्या चक्कराच्या मागं संस्कृत 'शर्करा' आहे. 'शुगर'ही त्याच शर्करेतून निघाला, पण त्यानं वाट वेगळी धरली. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', मग मध्ययुगीन लॅटिन, मग जुनी फ्रेंच आणि शेवटी इंग्रजी. आपली 'साखर' प्राकृतातल्या 'सक्करा'मार्गे घरातच राहिली. म्हणजे साखर, शुगर आणि जॅगरी या तिन्हींचं मूळ एक, आणि संस्कृतात त्या शर्करेचा एक अर्थ बारीक खडे, कंकर असा आहे. गुऱ्हाळात काकवी आटताना दाणा धरतो तो ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. 'कँडी'सुद्धा आपलीच. संस्कृत 'खंड', अरबी-फारसी 'कंद', फ्रेंचमध्ये 'कांदी'. खांडसरीतला 'खांड' तोच.

यात एक गंमत अभ्यासूंसाठी. शुगर लिहिताना 'एस' आणि उच्चारताना 'श', तेव्हा तो 'श' शर्करेतून टिकून राहिला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. इंग्रजीत तो शब्द आला तेव्हा 'स'नंच सुरू होत होता. पुढं इंग्रजांच्याच तोंडात 'स्यु'चा 'शु' झाला. 'शुअर'मध्येही हेच घडलं.

मराठीनं इंग्रजीला थेट काय दिलं, असं विचारलं तर मी आधी मुंगुसाचं नाव घेतो. 'मंगूस' इंग्रजीत सतराव्या शतकाच्या शेवटी पोचला, आणि इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ मराठी देतात. इंग्रजांनी त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'गूज' म्हणजे हंसाचं स्पेलिंग बसवलं, पण हंसाशी त्याचा संबंध नाही. म्हणून गूजचं अनेकवचन 'गीज' होत असलं तरी मंगूसचं 'मंगूसेस'. वस्तुनिष्ठ प्रश्नाला हे सोन्यासारखं आहे. दुसरा शब्द 'टँक'. गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आपण सगळ्यांनी पाहिलंय. शब्दकोशात टँकच्या मागं गुजराती 'टांकुं' किंवा मराठी 'टांकें' दिलेलं असतं, आणि पोर्तुगीज शब्दाचाही त्यात हात मानतात. पण रणगाड्याला टँक का म्हणायचं? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे यंत्र गुपचूप बनवलं जात होतं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून, पाणी वाहून न्यायच्या टाक्या बनतायत, अशी आवई उठवली. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरले आणि खोटं नावच कायम झालं.

आता ग्रुपवरच्या 'चेस'कडं. चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स ही फोड खरी वाटते, कारण आपल्या 'चतुरंगा'त खरंच रथ, घोडा, हत्ती आणि पायदळ ही चार अंगं आहेत. पण चेस हा शब्द त्यातून आलेला नाही. तो आला फारसी 'शाह'वरून, म्हणजे राजा. खेळ इराणमधून अरबांकडं आणि तिथून युरोपात गेला. राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून सावध करायचं, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं, इंग्रजीत 'चेक'. एशेकच्या अनेकवचनातून 'चेस'. 'शाह मात', म्हणजे राजा निरुपाय झाला, यावरून 'चेकमेट'. आपण तर हे दोन्ही शब्द रोज वापरतो. शह देणे, शह-काटशह, संकटावर मात करणे! शह आणि चेक हा अक्षरशः एकच शब्द आहे, एक पूर्वेला राहिला, एक पश्चिमेला गेला.

आणि पुढं बघा त्याचा पसारा केवढा झाला. राजाला अडवणे म्हणून 'चेक' म्हणजे रोखणे. रोखून बघणे म्हणून तपासणे. गैरव्यवहार तपासता यावा म्हणून ठेवलेली चिठ्ठी तो बँकेचा 'चेक'. पटावर चौकटी असतात म्हणून चौकटींचं कापड ते 'चेक्स'. नॉर्मन काळात इंग्लंडच्या खजिन्याचा हिशेब चौकटी आखलेलं कापड टेबलावर पसरून, त्यावर सोंगट्यांसारख्या चकत्या मांडून करत, त्यावरून खजिन्याला 'एक्सचेकर' नाव पडलं. म्हणून तिथला अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर'. वर्तमानपत्रात हे पद वाचताना इराणचा शाह आठवला तर आठवू द्या, तो तिथं आहेच.

बाकीच्या आद्याक्षरी कथा एका झटक्यात निकालात काढता येतात. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली, रडार, लेसर ही त्याची खरी उदाहरणं. त्याच्या शेकडो वर्षं आधी वापरात असलेल्या शब्दाचा असा 'फुल फॉर्म' कोणी सांगितला तर तो रचलेला समजा. 'न्यूज' म्हणजे 'न्यू'चं अनेकवचन, नवं जे जे ते. फ्रेंचमध्येही तसंच म्हणतात. 'गोल्फ' म्हणजे फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मनाई, हेही असंच. स्कॉटलंडच्या संसदेनं 1457 मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, तेव्हा तो शब्द चलनात होता. हे संदेश पुढं पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातून मुलांना उगम शोधायची सवय लागण्याऐवजी उगम रचायची लागते, आणि मला ती काळजी खरोखर वाटते.

'सॅलरी'चं जरा वेगळं आहे. रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं ही कथा आपल्याला चटकन पटते, कारण आपण 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणणारी माणसं. शब्द मिठावरूनच आहे, 'साल' म्हणजे मीठ आणि 'सालारियुम' म्हणजे वेतन. पण सैनिकांच्या हातावर मीठ ठेवत असत, याचा पुरावा सापडलेला नाही. शब्दाचं नातं पक्कं, वरची गोष्ट कच्ची. असा फरक करायला शिकणं फार महत्त्वाचं आहे. त्यापेक्षा आपला 'पगार' बघा. तो पोर्तुगीज 'पगार', म्हणजे पैसे चुकते करणे. त्याच्या मागं लॅटिन 'पाकारे', शांत करणे. इंग्रजी 'पे' त्यातूनच फ्रेंचमार्गे आला आणि 'पीस' म्हणजे शांतताही त्याच मुळाची. देणेकऱ्यानं घेणेकऱ्याला शांत केलं, तो पगार! मिसळीबरोबर पाव घ्या नाहीतर स्लाइस, 'पाव' हाही पोर्तुगीजांचाच, लॅटिन 'पानिस'वरून. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो 'कंपॅनियन', आणि अशांची मिळून 'कंपनी'.

आता एक सावधगिरी, परीक्षेच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची. मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असं नाही. 'एग्रीजिअस' घ्या. लॅटिन 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून बाहेर उठून दिसणारा तो एग्रीजिअस. पूर्वी अर्थ 'उत्कृष्ट' होता. सोळाव्या शतकात तो उलटा फिरला आणि आज 'एग्रीजिअस एरर' म्हणजे डोळ्यांत खुपणारी घोडचूक. 'नाइस' लॅटिनमध्ये अडाणी होता. 'जंगल' आपल्याकडून गेला, पण संस्कृतातला 'जांगल' प्रदेश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा. आज जंगल म्हटलं की दाजीपूरची दाट झाडीच डोळ्यांसमोर येते. 'डिअर' म्हणजे हरीण, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही जनावर. आणि आपला 'मृग'? तोही मूळचा कुठलाही वन्य पशू, म्हणूनच सिंहाला 'मृगेंद्र' म्हणतात. दोन्ही भाषांत सगळी जनावरं गळाली आणि हरीण तेवढं उरलं.

आणखी थोडे, धावते. 'क्लू' म्हणजे मूळचा सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थिसियस तो उलगडत भुलभुलैयातून बाहेर येतो. आपल्या पोलिसांनाही 'धागेदोरे'च मिळतात. 'कँडिडेट' म्हणजे पांढऱ्या कपड्यातला, रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारा खडूनं उजळलेला पांढराशुभ्र टोगा घालून फिरायचा. तो 'कँड' आणि आपला 'चंद्र' नात्यातले. मतांसाठी त्याचं गल्लोगल्ली फिरणं म्हणजे 'अँबिशन'चं मूळ. 'रोबो' चेक भाषेतला, कारेल चापेक यांच्या 1920 मधल्या नाटकातून आलेला, 'रोबोता' म्हणजे वेठ. आणि सिनेमाचं गाव म्हणून सांगतो, 'ग्लॅमर' हे स्कॉटलंडमध्ये झालेलं 'ग्रामर'चंच रूप आहे. ग्रामर म्हणजे विद्या, विद्या म्हणजे मंत्रतंत्र, मंत्रतंत्र म्हणजे मोहिनी, असा तो प्रवास.

हे रोजच्या अभ्यासात कसं आणायचं? यादी फेकून देऊ नका, तिची मांडणी बदला. एका पानावर एकच मूळ. वर 'ग्रेक्स : कळप'. खाली ग्रिगेरिअस, कळपात रमणारा. काँग्रिगेट, कळप जमणे. सेग्रिगेट, कळपातून वेगळं काढणे. महापालिकेची गाडी ओला-सुका कचरा 'सेग्रिगेट' करायला सांगते तो हाच. ॲग्रिगेट, सगळा कळप धरून एकूण. आणि शेवटी एग्रीजिअस, लाल शाईत, 'अर्थ उलटलाय' अशा खुणेसह. प्रत्येकापुढं तुमचं स्वतःचं एक वाक्य, कोशातलं उतरवलेलं नको. आठवड्यात अशी दोन-तीन पानं पुष्कळ झाली.

मूळ तपासायला उगमासोबत पहिल्या नोंदीचं साल देणारा कोश वापरा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पूर्ण झाली, ती याच तत्त्वावर. प्रत्येक अर्थ, त्याची तारीख, त्याचं वाक्य. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात संदर्भग्रंथ मागून बसायची सवय लावून घ्या. मराठीच्या बाजूनं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा, पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली 1857 ची. खोडा, जू, बेडकुळी असे शब्द त्यात शोधत बसाल तर तास कसा गेला कळणार नाही.

प्रत्येक शब्दाचं मूळ शोधायच्या मागं मात्र लागू नका. 'डॉग'सारख्या साध्या शब्दाचा उगम मोठमोठ्या कोशांनाही लागलेला नाही. लॅटिन-ग्रीकवरून आलेले लांबलचक शब्द आणि आपल्याकडून गेलेले शब्द, एवढ्यांवरच वेळ घाला. आणि परीक्षा महिन्यावर आली असेल तर नवीन पान उघडू नका. जुने पेपर सोडवा, त्यात अडलेला शब्द आला की तेवढ्याचंच मूळ बघा आणि पुढं चला.